आपल्याच रानातले प्रेअरी डॉग वाचवायला निघालेले रँचर: कॅन्ससमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या पश्चिमेला लोगन काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. पाऊस कमी, बुटकं गवत, सपाट माळरान, लोकवस्ती अगदी विरळ, आणि धंदा म्हणाल तर गुरं नाहीतर गहू-ज्वारी. इथे एकमेकांना लागून जमिनी असलेल्या काही रँचरचा, म्हणजे मोठ्या रानात गुरं पाळणाऱ्या मालकांचा, मिळून साधारण दहा हजार एकरांचा पट्टा होता, त्यावर त्यांची गुरं चरायची आणि त्याच जमिनीत प्रेअरी डॉगच्या मोठाल्या वसाहती होत्या. मालकांना त्या वसाहती राहू द्यायच्या होत्या आणि काउंटीला त्या संपवायच्या होत्या, सगळं प्रकरण यावरूनच पेटलं. मालकांची नावं इथे देत नाही, त्यांनी कुठल्या वळणावर काय ठरवलं तेवढंच बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रेअरी डॉग म्हणजे खारीच्या कुळातला प्राणी, वजन किलोभर, जमिनीत बिळं करून कळपाने राहतो आणि गवत खातो. वर्षातून एकदाच विते मादी, तीन-चार पिल्लं. आता हा काही वाघ-सिंह नाही त्यामुळे त्याच्यासाठी कोण भांडणार असं वाटू शकतं, पण त्याच्या वसाहतीवर बाकी किती जण जगतात ते बघा. बिळात राहणारं घुबड त्याच्या सोडलेल्या बिळात अंडी घालतं, स्विफ्ट फॉक्स नावाचा छोटा कोल्हा तिथे फिरतो, बॅजर, गरुड, मोठे ससाणे त्याला खातात, माउंटन प्लोव्हर हा पक्षी त्याने बुटकं केलेल्या गवतातच घरटं करतो. आणि ब्लॅक-फुटेड फेरेट, म्हणजे काळ्या पायांचा मुंगसासारखा लांबडा शिकारी प्राणी, तो तर जवळजवळ फक्त प्रेअरी डॉगच खातो आणि राहतोही त्यांच्याच बिळात. म्हणजे प्रेअरी डॉग गेले की फेरेट गेलाच, दुसरा काही मार्ग नाही त्याला.

या फेरेटची कहाणी थोडक्यात सांगतो कारण पुढे सगळं तिथेच येऊन थांबतं. १९७९ मधे पिंजऱ्यातला शेवटचा फेरेट मेला तेव्हा ही जात संपली असंच धरलं होतं. मग १९८१ मधे वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणून टाकला आणि कळलं की अजून काही शिल्लक आहेत. पण तिथेही रोग आला, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि प्लेग दोन्ही, म्हणून १९८७ पर्यंत उरलेले १८ पकडून त्यांची पैदास सुरू केली. आज जगात जेवढे फेरेट आहेत ते जवळपास सगळे त्याच मूठभर प्राण्यांचे वंशज. कॅन्ससमधे तर १९५७ नंतर एकही दिसला नव्हता.

कायदा

कॅन्ससचा प्रेअरी डॉगविषयीचा कायदा १९०१ च्या सुमाराचा. त्यात टाउनशिपला, म्हणजे काउंटीच्या आतल्या छोट्या स्थानिक कारभाराला, आणि तिच्याकडून अधिकार घेऊन काउंटीला, खाजगी जमिनीत माणसं पाठवून प्रेअरी डॉग मारायची मुभा आहे. मालकाची तयारी असो नसो. आणि खर्च? तो मालकाच्याच नावावर, नाही भरला तर जमिनीच्या टॅक्समधे चढवतात.

हा कायदा आला त्या काळी वातावरण काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. सी. हार्ट मेरियम हे केंद्र सरकारच्या खात्यातले मोठे प्राणीशास्त्रज्ञ, त्यांनी त्याच सुमाराला लिहिलं की प्रेअरी डॉगमुळे जमिनीची उत्पादकता ५० ते ७५ टक्के घटते, आणि हिशोब मांडला की २५६ प्रेअरी डॉग एका गाईएवढं खातात. हे आकडे पुढे दशकानुदशकं सगळीकडे उगाळले गेले, त्यावर सरकारी विषप्रयोगाच्या मोहिमा चालल्या, आणि काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगचं क्षेत्र मूळच्या मानाने अगदी काही टक्क्यांवर आलं. नंतरची मोजणी वेगळं सांगते. कोलोरॅडोच्या बुटक्या गवताच्या माळावर केलेला एक अभ्यास २००६ मधे छापून आला, त्यात कुरणाचा २० टक्के भाग प्रेअरी डॉगनी व्यापला तर गुरांच्या वजनवाढीच्या किमतीत साधारण साडेपाच टक्के घट आणि ६० टक्के भाग व्यापला तर १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुकसान आहे, मी नाही म्हणणार नाही, ज्याचं घर गुरांवर चालतं त्याला पाच टक्के पण लागतात. पण ५०-७५ टक्के कुठे आणि हे कुठे. एवढ्या नुकसानासाठी दुसऱ्याच्या जमिनीत घुसून आख्खी वसाहत मारायचा अधिकार सरकारला का असावा हा माझा प्रश्न आहे, आणि तो मालकांनी विचारला.

अडचण कुठे सुरू झाली

२००५ च्या सुमाराला शेजाऱ्यांच्या तक्रारी काउंटीकडे वाढल्या. तक्रार खोटी नव्हती हे आधी नोंदवतो. प्रेअरी डॉगची पिल्लं मोठी झाली की उन्हाळ्याच्या तोंडावर काही जण वसाहत सोडून नवी जागा शोधायला निघतात, काही किलोमीटरसुद्धा जातात, आणि त्यांना कुंपण बिंपण काही कळत नाही. पलीकडच्या शेजाऱ्याने आपल्या रानात पैसे खर्चून विष घातलेलं असतं आणि पुढच्या वर्षी परत बिळं दिसतात, मग तो चिडणारच. त्यात लहान भागात सगळे एकमेकांना ओळखतात, चर्चमधे भेटतात, शाळेत भेटतात, त्यामुळे हे भांडण बांधापुरतं राहत नाही.

काउंटीच्या कमिशनरांनी मालकांना नोटिसा काढल्या की तुम्ही मारा नाहीतर आम्ही येऊन मारू आणि बिल लावू. मालकांचं म्हणणं असं की आमची जमीन आहे, आमची गुरं आहेत, आम्ही फिरती चराई करतो म्हणजे कळप एका तुकड्यात थोडे दिवस ठेवून पुढे हलवतो आणि गवताला विसावा देतो, आमचा धंदा नीट चाललाय, मग आम्हाला हे प्राणी ठेवायचे असतील तर कोणाच्या बापाचं काय जातं. (हे शब्द माझे आहेत, भाव त्यांचा.)

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खाजगी मालकीचा एवढा आग्रह असलेल्या भागात, जिथे सरकारने जमिनीत पाय ठेवलेला कोणाला खपत नाही, तिथेच या एका बाबतीत सरकारला आत बोलावणारे शेजारीच होते. मालकीहक्काचा अर्थ दोन्ही बाजू वेगळा लावत होत्या. एकाचं म्हणणं माझ्या जमिनीत मी काय ठेवतो ते मी ठरवणार, दुसऱ्याचं म्हणणं तुझ्या जमिनीतलं माझ्या जमिनीत येता कामा नये. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे आणि म्हणूनच हे सुटायला कठीण होतं.

समोर कुठले पर्याय होते

पहिला, काउंटीचं ऐकायचं. विषाचे दाणे घालायचे किंवा बिळात गोळ्या टाकायच्या. गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, आपल्याकडे धान्य साठवताना सल्फास-सेल्फॉस म्हणून मिळतं तेच रसायन, ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि बिळात जे काही असेल ते सगळं मरतं, घुबड असो साप असो फेरेट असो. दाण्यांमधे झिंक फॉस्फाइड जुनं, आणि नवं आलेलं रोझॉल, ज्यात रक्त गोठू न देणारं विष असतं. रोझॉलने प्राणी लगेच मरत नाही, काही दिवस अशक्त होऊन उघड्यावर फिरत राहतो, आणि तोच गरुडाला, बॅजरला सोपा सापडतो. म्हणून त्याच्या लेबलवर अटी आहेत, दाणे बिळात किमान सहा इंच खाली घालायचे, ऑक्टोबर ते मार्चच्या मधेच वापरायचं, नंतर फिरून मेलेले प्राणी गोळा करायचे. हजारो एकरांवर कोण फिरणार आणि कोण गोळा करणार, हे ज्याने माळरान बघितलंय त्याला सांगायला नको.

दुसरा पर्याय कोर्टात जायचं आणि कायद्यालाच आव्हान द्यायचं. महाग, लांबणारं, आणि कोर्टात केस चालू असताना तिकडे बिळात गोळ्या पडल्या तर जिंकून उपयोग काय.

तिसरा, हद्दीवर आडोसा करायचा. प्रेअरी डॉगला लांबवरचं दिसायला हवं असतं, शत्रू येताना दिसला पाहिजे म्हणून तो स्वतः उंच गवत कुरतडून टाकतो आणि दाट उंच गवतात शक्यतो वस्ती वाढवत नाही. म्हणून हद्दीलगतचा पट्टा गुरांना चरू द्यायचा नाही, त्यासाठी आतून विजेच्या तारेचं कुंपण घालून गुरं लांब ठेवायची, आणि त्या पट्ट्यात गवत वाढू द्यायचं. शिवाय तेवढ्याच पट्ट्यात जे प्रेअरी डॉग आहेत ते कमी करायचे. यात शेजाऱ्याला खरोखर दिलासा मिळतो आणि मधली वसाहत वाचते.

चौथा, फेरेट आणायचे. केंद्राच्या वन्यजीव खात्याला, म्हणजे यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला, फेरेट सोडायला मोठ्या सलग वसाहती हव्याच होत्या आणि तशा जागा देशात फार थोड्या उरल्या होत्या. ऑड्युबॉन ऑफ कॅन्सस ही संस्था मालकांच्या बाजूने उभी होती. फेरेट हा केंद्रीय कायद्याने संरक्षित, प्रेअरी डॉग नाही. २००० साली काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगला संरक्षण मिळायला हवं पण आधी दुसऱ्या जातींचा नंबर आहे असं खात्याने म्हटलं होतं, आणि २००४ मधे त्याला त्या वाट बघणाऱ्यांच्या यादीतूनही काढून टाकलं. म्हणजे प्रेअरी डॉगच्या नावाने कोणी पाठीशी येणार नव्हतं, फेरेटच्या नावाने येणार होतं.

पहिलं मोठं वळण: फेरेटला हो म्हणायचं का

माझ्या मते पूर्ण प्रकरणात सगळ्यात जड निर्णय हाच. वरवर बघता सोपा वाटतो, संरक्षित प्राणी आला की जमीन सुरक्षित. पण रँचरच्या जागी बसून बघा. केंद्र सरकारचा संरक्षित प्राणी आपल्या कुरणात बोलावणं ही त्या भागात सगळ्यात धास्तीची गोष्ट, कारण उद्या आपल्यालाच गुरं कुठे चारायची ते कोणी वॉशिंग्टनमधून सांगायला लागेल ही भीती सगळ्यांना असते. शेजाऱ्यांच्या नजरेत तर ही सरळसरळ चाल वाटणार, आणि वाटलीही. काउंटीने विरोध केला.

मालकांनी हो म्हटलं. डिसेंबर २००७ मधे लोगन काउंटीत २४ फेरेट सोडले, काही या पट्ट्यात आणि काही जवळच्या स्मोकी व्हॅली रँचवर, जी नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची आहे. कॅन्ससच्या मातीत ५० वर्षांनी फेरेट उतरला. ज्यांनी हे घडवून आणलं ते कोणी संशोधक नव्हते, गुरं पाळणारी माणसं होती, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर त्याचा वाटतो.

यात एक बारकावा आहे जो पुढे महत्त्वाचा ठरला. फेरेट सोडताना दोन प्रकारे सोडता येतात. बऱ्याच ठिकाणी त्यांना ‘प्रायोगिक’ दर्जा देतात, म्हणजे संरक्षण सैल असतं आणि शेजाऱ्यांना त्रास कमी. इथे तसं न करता संशोधनाच्या परवान्याखाली सोडले, त्यामुळे त्यांचा संरक्षित दर्जा पूर्ण राहिला. बिळात फेरेट असेल आणि तुम्ही त्यात वायूची गोळी टाकली तर तो केंद्रीय गुन्हा होऊ शकतो, हे मग काउंटीलाही विचारात घ्यावं लागलं.

मग काय काय केलं

एकीकडे मालकांनी हद्दीवर गवताचा पट्टा आणि विजेची तार केली. दुसरीकडे केंद्राच्या शेतीखात्याचा वाइल्डलाइफ सर्व्हिसेस हा विभाग आला, त्याने फेरेटच्या जागेभोवतीच्या शेजाऱ्यांच्या जमिनीत जाऊन प्रेअरी डॉग कमी करायचं काम हातात घेतलं, शेजाऱ्याला खर्च न लावता. म्हणजे आत ठेवायचे आणि बाहेर आवरायचे अशी व्यवस्था. मला स्वतःला मारणं बघवत नाही, पण या भागापुरतं मी म्हणेन की हे बरोबर केलं, त्याशिवाय आतले वाचत नव्हते.

काउंटी काही थांबली नाही. प्रकरण कोर्टात गेलं, राज्याचा शंभर वर्षं जुना कायदा वरचढ की केंद्राचा संरक्षित प्राण्यांचा कायदा असा वाद झाला, वकिलांवर दोन्ही बाजूंचे पैसे आणि वर्षं गेली. आणि रोझॉलवर वेगळी लढाई वॉशिंग्टनमधे झाली, ऑड्युबॉन ऑफ कॅन्सस आणि डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ यांनी पर्यावरण खात्यावर केस केली की २००९ मधे रोझॉलला परवानगी देताना संरक्षित प्राण्यांवर काय परिणाम होईल याची वन्यजीव खात्याशी कायद्याप्रमाणे चर्चाच केली नाही, आणि २०११ मधे कोर्टाने ते मान्य केलं.

निष्पत्ती

२००८ मधेच तिथे जन्मलेली फेरेटची पिल्लं दिसली, कॅन्ससच्या मोकळ्या रानात अर्ध्या शतकात पहिली. मधल्या वसाहतीवर सरसकट विष घालून ती संपवायचं काउंटीला जमलं नाही. हे मोठं यश आहे आणि ते तसंच म्हटलं पाहिजे.

पण किंमत पण बघा. शेजारपण तुटलं. मालकांचा उतारवयातला बराच काळ नोटिसा, सुनावण्या, मीटिंगा यात गेला. आणि फेरेट सोडले म्हणजे काम झालं असं नसतं, त्याला जगायला मोठी वसाहत सतत लागते, दुष्काळ पडला की गवत जातं, वसाहत आकसते, आणि प्लेग कधीही येऊ शकतो. प्लेग म्हणजे तोच, १८९६ ला मुंबईत आला आणि ज्याच्यावरून १८९७ ला पुण्यात केवढं रामायण झालं, त्याच साथीच्या फेऱ्यात तो १९०० मधे जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि तिथून अमेरिकेच्या माळरानातल्या पिसवांमधे कायमचा शिरला. प्रेअरी डॉगला त्याच्याशी लढायची ताकद नाही, वसाहतच्या वसाहत काही आठवड्यात रिकामी होते. म्हणून फेरेटला लस टोचतात आणि बिळांमधे पिसवा मारायची पावडर मारतात, आणि हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. विष थांबवलं तरी प्राणी आपोआप टिकत नाहीत, आणि हा खर्च कोण किती वर्षं करणार हे कोर्टात ठरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे हद्द. गवताचा पट्टा आणि बाहेरच्या बाजूचं नियंत्रण हे नोटिसा येण्याच्या आधी झालं असतं तर काउंटीकडे न्यायला तक्रारच कमी राहिली असती. इथे ते भांडण तापल्यावर झालं, त्यामुळे शेजाऱ्यांना ते नाइलाजाने केलेलं वाटलं. मी तर म्हणेन की जो कोणी आपल्या जमिनीवर असे प्राणी राखू बघतो त्याने पहिला पैसा मधे न घालता कडेला घालावा, आणि शेजाऱ्याच्या रानात पहिलं बीळ दिसलं की त्याने फोन करायच्या आधी आपण जावं.

दुसरं, फेरेटचा दर्जा. पूर्ण संरक्षण घेतल्याने वसाहत वाचली हे खरं, पण त्यानेच शेजाऱ्यांची भीती पण वाढली, की फेरेट आमच्या हद्दीत आला तर आम्ही अडकू. यात मी मालकांना दोष देत नाही, समोर गोळ्यांची धमकी असताना सैल संरक्षण घेऊन चाललं नसतं. पण शेजाऱ्यांना लेखी हमी हवी होती की चुकून काही झालं तर तुम्ही गुन्हेगार ठरणार नाही. अशी व्यवस्था सेफ हार्बर करारातून देता येते, आणि २०१३ मधे फेरेटसाठी असा मोठा एकत्रित करार खात्याने आणला. तो पाच-सहा वर्षं आधी असता तर लोगन काउंटीतली निम्मी कटुता टळली असती असं मला वाटतं.

तिसरं पैशाचं. या कायद्यात मारायचा खर्च मालकाकडून वसूल करायची सोय आहे पण राखणाऱ्याला एक पैसा द्यायची सोय नाही. मालक गवत सोडतो, तार घालतो, वकील लावतो, आणि फायदा सगळ्या देशाला. गुरांच्या वजनातली ती पाच टक्के घट त्याला भरून दिली असती आणि शेजाऱ्यालाही त्याच्या नुकसानाचे रोख पैसे दिले असते तर कमिशनरांच्या मीटिंगमधे एवढी गर्दी झाली नसती. नंतर काही ठिकाणी फेरेटसाठी जमीन देणाऱ्या रँचरना पैसे द्यायच्या योजना आल्या, दिशा तीच हवी.

आणि काउंटीच्या बाजूनेही एक गोष्ट करता आली असती. कायद्याने मारायचा अधिकार दिलाय म्हणून आख्ख्या दहा हजार एकरांवर हात घालायची गरज नव्हती. तक्रार हद्दीची होती, तर हद्दीपासून अमुक अंतरापर्यंतच कारवाई, तीही मालकाने स्वतः केली नाही तर, आणि वायूची गोळी टाकायच्या आधी बिळात घुबड-फेरेट आहे का याची तपासणी, एवढं ठरावात लिहून घेतलं असतं तरी दोन्ही बाजूंना टेबलावर बसता आलं असतं. राज्याच्या विधिमंडळाने त्या जुन्या कायद्यात एवढीच दुरुस्ती करावी, मालकाच्या मर्जीविरुद्ध जमिनीत शिरायचं असेल तर आधी हद्दीवरचा उपाय एक पूर्ण हंगाम करून बघितला आहे असं काउंटीने दाखवावं, आणि तोपर्यंत बिल लावू नये.